अंधारात लाल दिवा लावणारा मासा

समुद्रात खोल जाऊ लागलं, की आधी लाल रंग हरवतो. पाणी तो वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं. ५०० मीटर खाली उरतो तो निळ्या उजेडाचा जेमतेम अंश. म्हणून तिथल्या बहुतेक माशांना निळं-हिरवंच दिसतं, आणि तिथली कित्येक कोळंबी लालभडक असून बिनघोर असते. त्या पाण्यात लाल म्हणजे काळाच.

मॅलॅकोस्टिअस या प्रजातीच्या माशांनी नेमकी हीच फट हेरली आहे. त्यांच्या डोळ्याखालच्या अवयवातून लाल प्रकाश पडतो, तोही ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे माणसालाही अंधुकच दिसेल असा. डोळ्यामागे निळसर-हिरवा दुसरा दिवा असतो. लाल उजेडात भक्ष्य दिसतं, आणि भक्ष्याला त्याची गंधवार्ताही नसते.

पण नुसता दिवा असून भागत नाही, तो स्वतःला दिसायलाही हवा. खरं नवल इथे आहे. नात्यातल्या अ‍ॅरिस्टोस्टोमिअस माशांच्या डोळ्यांत लाल प्रकाशाकडे झुकलेली रंगद्रव्यं आहेत. मॅलॅकोस्टिअसची तऱ्हा निराळी. रॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये दाखवून दिलं, की याच्या दृष्टिपटलात हरितद्रव्यापासून आलेला पदार्थ असतो. तो लाल प्रकाश टिपतो आणि डोळ्यातल्या नेहमीच्या रंगद्रव्याला जागं करतो. प्राण्याची नजर वनस्पतींच्या रंगावर चालते!

मासा हरितद्रव्य तयार करू शकत नाही. मग ते येतं कुठून?

बहुधा खाण्यातून. या माशाचा खालचा जबडा कवटीपेक्षा लांब, दात अणकुचीदार. जबड्याच्या दोन हाडांमध्ये तळाची कातडीच नाही, फक्त एक दोरीसारखा स्नायू. पाणी आरपार निघून जातं आणि जबडा झटक्यात मिटतो. हा सरंजाम मोठी शिकार गिळण्यासाठीच असणार असं कुणालाही वाटेल. पण ट्रेसी सटन यांच्या २००५च्या अभ्यासात या माशांच्या पोटात संख्येने सर्वाधिक निघाले ते कोपेपॉड, तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव. वनस्पती-प्लवकांचं हरितद्रव्य अन्नसाखळीतून त्यांच्यापर्यंत आणि पुढे माशापर्यंत पोहोचत असावं.

विल्यम एअर्स यांनी १८४८मध्ये मॅलॅकोस्टिअस नायजरचं वर्णन केलं. हा काळा मासा जेमतेम वीतभर लांबीचा. पुढे इंडिकस, डॅनी अशी नावंही दिली गेली, पण ते मासे नायजरच ठरले. दुसरी जात पक्की झाली थेट २००७मध्ये. ख्रिस्तोफर केनेली यांनी दक्षिणेकडच्या समुद्रांतल्या ऑस्ट्रेलिसला वेगळं काढलं. तिचा डोळ्यामागचा दिवा नायजरपेक्षा लहान आणि कुशीवरचे प्रकाशबिंदू कमी आहेत.