थंडीतल्या वाळवंटात तहान फसवते

परभणीकरांना थंडी नवी नाही; कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे डिसेंबरात जैसलमेरकडे वाळवंटी पदभ्रमणाला निघणारी कॉलेजची मुले स्वेटर, कानटोपी आठवणीने भरतात. चुकते ते पाण्याचे गणित.

थंडीत तहान मंदावते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त आत ओढले जाते, मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात आणि लघवी वाढते. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच सुकतो. पाठीवर ओझे घेऊन दिवसभर वाळू तुडवणाऱ्यासाठी पिण्याचे अंदाजे चार लिटर पाणी धरावे. वीस जणांचे ऐंशी लिटर, म्हणजे ऐंशी किलो, तेही एकाच दिवसाचे! उंटगाडी किंवा जीप आधीच ठरवावी लागते.

दुसऱ्या अडचणीबद्दल कुणी बोलत नाही. उघड्या टेकड्यांवर आडोसा नसतो, म्हणून मुली पाणी पिणेच टाळतात. मग डोकेदुखी, चक्कर, लघवीला जळजळ. सामानाच्या यादीत तंबूइतकाच कापडी आडोसाही हवा, आणि तो मुलींना मागावा लागू नये.

पाणी कमी पडलेले शरीर रात्रीच्या गारठ्यालाही लवकर बळी पडते. घामाने ओला बनियन सूर्य मावळताच बदलावा. घोंगडी अंगावर तशी अंगाखालीही हवी. कुडकुडणारा मुलगा अडखळत बोलू लागला, तर कोरडे कपडे, पांघरूण आणि शुद्धीत असल्यास गरम गोड चहा देऊन दवाखाना गाठावा. समच्या टेकड्यांपासून जैसलमेर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. गाडी रात्रीही तळावरच थांबवावी.