कॉलेजात यंत्र येतं, तेव्हा विचारतात कोणाला?

गेल्या महिन्यात आपण गटाचे हिशेब मोबाईलवर कसे भरायचे, याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच गोष्ट विचारली. अ‍ॅप कसं भरायचं ते कळलं, पण हे अ‍ॅप असंच असावं हे ठरवलं कोणी? वही लिहिणारीला कोणी विचारलं का?

प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची सरकारी कॉलेजं आहेत. शिकवण्याच्या कामात नवं यंत्र आणायचं तर निर्णय कोणाचा, साहेबांचा की शिकवणाऱ्यांचा, यावर तिथे कायदा झालेला आहे. कायदा झाला तरी भांडणं संपलेली नाहीत, आणि ती भांडणंच आपल्याला जास्त उपयोगाची आहेत.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडचं आयटीआय, शिवणाचा क्लास आणि सीनियर कॉलेजची पहिली दोन वर्षं एकाच आवारात आणली, असं समजा. टक्केवारीची अट नाही. नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंट, बालवाडी शिक्षिका, असं काहीही शिका. किंवा दोन वर्षं इथे शिकून पुढे विद्यापीठात जा. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि वर्षाला सुमारे २० लाख लोक तिथे शिकतात. त्यात दिवसा काम करून रात्री वर्गाला येणारे आहेत, लेकरं शाळेत घालून स्वतः शिकायला बसलेल्या बाया आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या आपल्या मराठी मुलीही घरात बसून राहण्यापेक्षा इथे नाव घालतात. म्हणजे हे कॉलेज कोणासाठी आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

कारभार कसा चालतो? एका भागातली एक किंवा अधिक कॉलेजं मिळून एक जिल्हा होतो. त्याच्यावर विश्वस्त मंडळ असतं, आणि ते त्या भागातले मतदार मत देऊन निवडतात, आपण जिल्हा परिषद निवडतो तसं. मंडळ प्रमुख अधिकारी नेमतं आणि ते अधिकारी रोजचं काम बघतात.

यात शिक्षक कुठे आले? ही कॉलेजं मुळात हायस्कुलांच्या पोटातून वाढली. त्यामुळे बरीच वर्षं रीतही शाळेचीच होती. वरून आदेश यायचा, शिक्षकाने मान डोलवायची. १९८८ साली राज्याने असेंब्ली बिल १७२५ नावाचा कायदा केला आणि हे बदललं. प्रत्येक कॉलेजातल्या शिक्षकांनी आपल्यातून निवडलेली एक सभा असते, तिला अकॅडेमिक सीनेट म्हणतात. शिकवण्याच्या बाबतीत विश्वस्त मंडळाने या सभेचा सल्ला घेतलाच पाहिजे, असं बंधन आलं. पगार, सुट्ट्या आणि कामाचे तास हे विषय त्यात नाहीत, त्यासाठी शिक्षकांची युनियन वेगळी. भाकरीचं भांडण एका चुलीवर आणि शिकवण्याचं दुसऱ्या चुलीवर, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. एकाच बैठकीत दोन्ही विषय आले की भाकरीचाच विषय चालतो, हे आपण पाहतोच.

आता गंमत ऐका. आपल्या गटाची जशी दशसूत्री, तशी त्या शिक्षकांचीही आहे. तिला ते ‘दहा अधिक एक’ म्हणतात. अभ्यासक्रम काय असावा, पदवी आणि प्रमाणपत्र कशावर द्यायचं, गुण कसे द्यायचे, नवे कोर्स कोणते काढायचे, विद्यार्थी मागे पडू नयेत म्हणून काय करायचं, शिक्षकांचं प्रशिक्षण कसं असावं, बजेट आणि नियोजन कोणत्या पद्धतीने करायचं, असे दहा विषय. अकरावा विषय मोकळा ठेवलाय. शिक्षणाशी संबंधित आणखी जे काही दोन्ही बाजू मिळून ठरवतील, ते त्यात.

प्रत्येक विषयासाठी मंडळाने दोनपैकी एक रस्ता आधीच ठरवून ठेवायचा असतो. एक तर मुख्यतः शिक्षकांच्या सल्ल्यावर विसंबायचं, नाहीतर दोघांनी बसून सहमती करायची. सल्ल्यावर विसंबायचं ठरलं, तर तो एरवी मान्यच करायचा. अगदी वेगळी परिस्थिती असेल आणि तसंच सबळ कारण असेल, तरच नाकारायचा. आणि नाकारला, तर शिक्षकांच्या सभेने मागितल्यावर कारण लेखी द्यायचं. तुमच्यापैकी ज्या ग्रामसभेत ठराव मांडून बसल्यात, त्यांना ‘कारण लेखी द्यायचं’ या तीन शब्दांची किंमत मी सांगायला नको.

मग या यादीत कॉम्प्युटर कुठे आहे? कुठेच नाही. दहा विषयांत यंत्राचं नावसुद्धा नाही. आणि वादाचं मूळ तिथेच आहे. कॉलेजात नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलं की अधिकारी म्हणतात, ही खरेदी आहे. खुर्च्या घेतो तशीच हीही घेऊ, टेंडर काढू. शिक्षक म्हणतात, खुर्ची कशी, हा तर फळा आहे. धडा यावरच शिकवायचा, गृहपाठ यावरच घ्यायचा, गुण यावरच द्यायचे. यंत्राने अमुक प्रकारचाच पेपर काढू दिला, तर परीक्षा आमच्या हातात राहिली कुठे?

दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे. सर्व्हर कुठे ठेवायचा, वायर कोणती टाकायची, हे सीनेटमध्ये मतदान घेऊन ठरवायचं नसतं. पण आपल्याच वहीचं बघा ना. वहीत आपण समासात लिहायचो, ‘सुमनचा मुलगा दवाखान्यात, हप्ता पुढच्या महिन्यात घेणार.’ अ‍ॅपमध्ये समास नाही. तिथे एकतर हप्ता आला, नाहीतर थकला. रकाने ठरवणाऱ्याने नियमही ठरवून टाकला, आणि त्याला ते कळलंही नसेल.

चांगलं झालेलं उदाहरण आधी सांगते. प्रत्येक कॉलेज घरबसल्या शिकवण्यासाठी वेगवेगळं सॉफ्टवेअर वापरत होतं. दोन कॉलेजांत नाव घातलेल्या विद्यार्थ्याला दोन वेगळ्या पद्धती शिकाव्या लागायच्या. राज्याने ऑनलाइन शिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला आणि सगळ्यांना मिळून एक सॉफ्टवेअर निवडायचं ठरवलं. निवड समितीत अधिकारी होते, तसे शिक्षक आणि विद्यार्थीही होते. २०१५ साली त्यांनी कॅनव्हास नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. पण लगेच हुकूम काढला नाही. ज्या कॉलेजाला हवं त्याने घ्यावं, असं ठेवलं. मग प्रत्येक ठिकाणी शिक्षकांनी आपापसात बोलून, वापरून बघून ठरवलं, आणि एकेक करून बहुतेक सगळे आले. वेळ लागला. पण आपण होऊन घेतलेली गोष्ट माणूस निगुतीने वापरतो.

दुसरा एक नियम मला आवडला. वर्गात शिकवायचा विषय ऑनलाइन शिकवायचा झाला, तर त्याला वेगळी मंजुरी लागते, आणि ती शिक्षकांचा वरचष्मा असलेल्या अभ्यासक्रम समितीकडून. तिथे पाहतात की शिक्षक विद्यार्थ्यांशी नियमित बोलणार आहे की नाही. नुसते व्हिडिओ टाकून दिले आणि शेवटी परीक्षा घेतली, तर ते चालत नाही. कोविडच्या काळात आपल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर धड्याचे फोटो येत होते, ते आठवा म्हणजे हा नियम का केला असेल ते कळेल.

पण शिक्षकांच्या हातात दिलं की सगळं चांगलंच होतं, असं मी सांगणार नाही. लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेज जिल्ह्यावर २०१७ साली दोन अंध विद्यार्थ्यांनी अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या साथीने खटला भरला. अंध माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. गणिताचा गृहपाठ ज्या प्रोग्रॅमवर करायचा होता, तो या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नव्हता. बाकी मुलं घरी बसून गणितं सोडवत होती आणि याला प्रश्नच ऐकू येत नव्हता. खटला कितीतरी वर्षं चालला. वर्गात काय वापरायचं ते शिक्षक निवडतात, खरेदी कार्यालय करतं, आणि हे यंत्र आंधळ्याला चालेल का, हे आधी तपासायचं काम दोघांच्या मधे पडून राहतं. अपंगांना वापरता येईल असंच साहित्य हवं, असा तिथे कायदा आहे, तरीही हे झालं. समितीत चार डोळस शिक्षक बसवून हे सुटत नाही. ज्याला अडचण येणार तोच त्या खोलीत असावा लागतो.

घरातली अडचणही अशीच. कोविडमध्ये परीक्षा घरून सुरू झाल्या, तेव्हा कॉपी होऊ नये म्हणून कॅमेऱ्याने विद्यार्थ्यावर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी आणली गेली. काहींत परीक्षेआधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची असे. ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. हे कम्युनिटी कॉलेज नव्हे, पण गोष्ट तीच. २०२२ साली संघराज्याच्या न्यायालयाने सांगितलं की अशी खोलीची झडती घेणं घटनेला धरून नाही. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातली मुलगी परीक्षेला बसली असती, तर तिची जाऊ, सासू आणि दोरीवरचे कपडे, सगळंच त्या कॅमेऱ्यात आलं असतं. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या घरी बहुधा अभ्यासाची वेगळी खोली असते.

आणखी एक ऐका, हे तर आपल्याकडच्या बोगस लाभार्थ्यांसारखं आहे. २०२१ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांत खोट्या विद्यार्थ्यांचा सुळसुळाट झाला. चोर कॉम्प्युटरवरून खोट्या नावांनी प्रवेश घ्यायचे आणि शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत उचलायचे. वर्ग कागदावर भरलेला आणि खऱ्या मुलांना जागा नाही. हे बऱ्याचदा आधी लक्षात आलं ते शिक्षकांच्या. यादीत नावं पुष्कळ, पण गृहपाठ कोणाचाच नाही, ओळख करून द्या म्हटलं तर उत्तर नाही. म्हणून शिक्षकाचं ऐकून घेणारी व्यवस्था असणं म्हणजे त्याचा मान ठेवणं, एवढंच नसतं. गळती कुठे आहे ते त्यालाच दिसतं.

आता या कारभाराची दुखरी बाजू. या कॉलेजांतले अर्ध्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. त्यांना समितीच्या बैठकीला बसायला वेळ कुठला? मग सीनेटमध्ये दिसतात ते बरेचसे कायम नोकरीवाले. कायदा म्हणतो शिक्षकांचा आवाज, पण ज्यांचे वर्ग सगळ्यात जास्त, त्यांचाच आवाज कमी. आपल्या ग्रामसंघातही बैठकीला त्याच दोघी-तिघी जातात ना? मजुरीला जाणारी येऊ शकत नाही, म्हणून बैठक दुपारी बाराला ठेवायची की रात्री आठला, हाही कारभाराचाच प्रश्न आहे.

तिथे एक सोय मात्र आहे. सार्वजनिक संस्थांच्या बैठका उघड्या असाव्यात असा कॅलिफोर्नियाचा जुना कायदा आहे. तो विश्वस्त मंडळाला लागू आहे आणि शिक्षकांच्या सभेलाही. नेहमीच्या बैठकीचे विषय ७२ तास आधी सगळ्यांना दिसतील असे लावायचे. आयत्या वेळी विषय घुसवून सह्या घ्यायच्या, हे चालत नाही.

आपल्याकडे काय आहे? पुष्कळ आहे, फक्त आपण ते वापरत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. शाळेला डिजिटल फळा आला, मुलांना टॅब आले, हजेरीचं अ‍ॅप आलं, की हा विषय समितीत मांडता येतो. कॉलेजांसाठी महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा आहे. त्यात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिच्यात शिक्षकांमधून निवडून आलेले प्रतिनिधी असतात. तुमच्या मुलीच्या कॉलेजात ही समिती असायला हवी. तिने प्राचार्यांना विचारायला काही हरकत नाही.

आणि आपल्या गटांचं म्हणाल, तर नाबार्डने २०१५ साली ई-शक्ती सुरू केली, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. तिथे बचतीची आणि कर्जाची नोंद झाली की बाईच्या मोबाईलवर निरोप जायचा, हे मला चांगलं वाटतं, कारण सचिवाने काय लिहिलं ते सभासदाला लगेच कळतं. पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात असेल, तर निरोप कोण वाचणार? रकाने आखताना हे सुचवायला आपल्यातली एखादी बाई तिथे हवी होती.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत अ‍ॅपचा विषय घ्यावा, अशी मी मागणी दिली आहे. चुकीची नोंद दुरुस्त करायचा अधिकार कोणाला, गटाची माहिती आणखी कोण पाहू शकतं, आणि नेट नसेल त्या दिवशी वहीतली नोंद धरणार का, हे तीन प्रश्न मी लिहून ठेवलेत. तुमचे आणखी असतील तर येत्या रविवारपर्यंत आपल्या सीआरपी ताईंकडे कागदावर द्या. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावं, ताई लिहून घेतील. खाली नाव आणि गटाचं नाव घाला, म्हणजे उत्तर लेखी मागता येईल.