गर्भपाताचा कायदा झरी जामणीच्या पोडापर्यंत पोहोचतो का?

यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी हा तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. इथल्या कोलाम पोडांवरील कुमारी मातांचा प्रश्न गेली अनेक वर्षे वर्तमानपत्रांत गाजतो आहे. लग्नाचे आमिष दाखवायचे आणि दिवस गेल्यावर पसार व्हायचे, असा हा प्रकार. चर्चा होते ती अनुदानाची, पुनर्वसनाची आणि बाळाच्या बापाच्या नावाची. ज्या मुलीला ते बाळंतपण नकोच होते, तिला कायदेशीर गर्भपाताचा मार्ग कोणी वेळेत सांगितला होता का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी हा कायदा नीट समजून घेतला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात गर्भपात हा मुळात आजही फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३१२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ आहे. स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्रीही त्यात आरोपी होऊ शकते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा या गुन्ह्याला केलेला अपवाद आहे. त्याने स्त्रीला सरळ हक्क दिला नाही, तर ठरावीक अटींत डॉक्टरला संरक्षण दिले. त्यामुळे निर्णय डॉक्टरच्या मताला बांधलेला राहिला.

२०२१ च्या दुरुस्तीनंतरची स्थिती अशी आहे:

- २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारातून किंवा गर्भनिरोधक साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ मानसिक आरोग्याला गंभीर इजा करतो, असे कायदाच मानतो.
- २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते. यात लैंगिक अत्याचारातील पीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया, दिव्यांग स्त्रिया आदींचा समावेश आहे.
- २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते. इतर प्रकरणांत उच्च न्यायालयात जावे लागते. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ.
- स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा लागू नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही, बापाची सही, लग्नाचा पुरावा यांपैकी काहीही कायदा मागत नाही. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी मात्र पालकाची लेखी संमती लागते. तिचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गोळ्या कुठे अडतात?

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांनी नऊ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हाच साधारण चार आठवडे संपलेले असतात. उरलेल्या पाच आठवड्यांत पोडावरच्या मुलीने घरच्यांना सांगायचे, मजुरी बुडवून एसटी गाठायची आणि पात्र डॉक्टर शोधायचा.

मेडिकल दुकानदार या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही. महाराष्ट्रात तर अनेक दुकानदार त्या ठेवतच नाहीत. २०१२ साली बीड जिल्ह्यातले परळीचे स्त्रीभ्रूणहत्या प्रकरण उघडकीस आल्यावर तपासण्या कडक झाल्या आणि दुकानदारांनी कटकट नको म्हणून माल बंद केला. पण गर्भाचे लिंग सोनोग्राफीत साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर कळते आणि गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची आहे. लिंगनिवड रोखण्यासाठी गोळ्या अडवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

गोळ्या अडवल्या म्हणून गर्भपात थांबत नाहीत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यासानुसार २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले. गोळी योग्य वेळी, योग्य सल्ल्याने घेतली तर सुरक्षित आहे. पण गर्भ नळीत असेल, अंगात रक्त फारच कमी असेल किंवा आठवडे जास्त झाले असतील, तर जिवावर बेतू शकते.

पोक्सोची भीती

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. या भीतीने मुली दवाखान्याऐवजी भोंदू डॉक्टरकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच निकालानुसार, मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरला अहवालात तिची ओळख देण्याची गरज नाही. ही गोष्ट दवाखान्यांतही ठाऊक असायला हवी.

हा वारसा आपला आहे

विधवांच्या बाळंतपणासाठी जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. नको असलेले गर्भारपण टाळण्याचे स्वातंत्र्य स्त्रीला असावे, ही त्यामागची भूमिका होती. तो ठराव फेटाळला गेला. आज "पाप आहे" म्हणत मुलीला परत पाठवणाऱ्यांना हा इतिहास सांगावा लागेल.

आपण काय करायचे?

पाळी चुकल्याचे कळताच मुलीला आशाताईंमार्फत किंवा थेट सरकारी रुग्णालयात न्या. गर्भपात केंद्र म्हणून सरकारी रुग्णालयाला वेगळ्या मान्यतेची गरज नसते. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. अत्याचाराचे प्रकरण असेल तर डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवायला सांगा. गुन्हा नोंदवताना मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असल्यास अॅट्रॉसिटीची कलमे लागू होतात का, ते तपासा. न्यायालयात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि गावात तिचे नाव कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. दिवस मोजलेले असतात. चौकशीत गेलेला एकेक आठवडा तिचा एकेक मार्ग बंद करतो.