परसातली जांभळी फुलं : कोणती ठेवायची, कोणती उपटायची

पाऊस पडला की आपण न पेरलेली रोपंही परसात उगवतात. गेल्या वर्षी माझ्या मोरीच्या पाण्यावर अशीच दोन रोपं आली. वांग्याची असतील म्हणून मी त्यांना शेणखतही घातलं. फूल आलं तेव्हा कळलं, हा तर काळा धोत्रा!

जांभळं फूल दिसलं म्हणून लगेच उपटू नका आणि लगेच ठेवूही नका. आधी ओळखा. गोकर्णीचा वेल असतो, त्याला चपट्या शेंगा येतात. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लावताच फुटतात आणि बी उडतं. गुलबक्षी संध्याकाळी उमलते. तिचं काळं बी मिऱ्यासारखं दिसतं, पण ते खायचं नसतं. लहान मुलांना जपा. ही झाडं ठेवायला हरकत नाही. फार वाढली तर बी पिकण्याआधी विरळ करा. गुलबक्षीचा मात्र कंदही खणून काढा, नाहीतर ती पुन्हा फुटते.

धोत्र्याचं तसं नाही. त्याचं पान, फूल, बी सगळंच विषारी. वांग्याचं फूल लहान, चांदणीसारखं, मध्ये पिवळं. काळ्या धोत्र्याचं फूल लांब कर्ण्यासारखं, बाहेरून जांभळं. फळ गोल, काटेरी. वांग्याच्या पानाला खालून लव असते. याचं पान गुळगुळीत, चुरगळलं तर उग्र वास येतो. रोप लहान असताना फरक कळत नाही, म्हणून आपोआप आलेलं रोप वांग्याचं समजून वाढवू नका. पालेभाजी खुडतानाही नीट निवडा.

धोत्रा बोंड सुकण्याआधीच उपटा, कारण बोंड फुटलं की बी सांडतं आणि पुढची काही वर्षं उगवत राहतं. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, डोळ्यांना हात लावू नका, नंतर साबणाने हात धुवा. झाड गुरांपुढे टाकू नका, चुलीत जाळू नका. खोल खड्ड्यात पुरा. महादेवाला वाहायला हवाच असेल, तर मुलांचा आणि गुरांचा वावर नसेल तिथे एकच झाड ठेवा आणि बोंडं हिरवी असतानाच काढा.

कुणाच्या पोटात धोत्रा गेला, तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा आणि त्या झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या.

मग मैत्रिणींनो, उद्या सकाळी परसात एक फेरी मारणार ना?