निवती रॉक : दीपस्तंभ बघा, डॉल्फिन बघा, पाकोळीच्या गुहेत मात्र जाऊ नका

वेंगुर्ले : निवती किल्ल्याच्या टोकावर उभं राहिलं की समोर भर समुद्रात खडकांचा एक पुंजका दिसतो. त्यातल्या एका बेटावर दीपस्तंभ आहे. नकाशात या खडकांचं नाव 'वेंगुर्ला रॉक्स'. इंग्रज 'बर्न्ट आयलंड' म्हणायचे. आपल्याकडे निवती रॉक म्हणून ओळख. सुट्ट्या लागल्या की किनाऱ्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, 'तिकडे होडीने जाता येतं का? उतरायला मिळतं का?'

जवळून बघता येतं. पण उतरण्याआधी तिथे कोण राहतं, हे माहीत असायला हवं.

दीपस्तंभ कशासाठी?

मुंबई-गोवा जलमार्गावरच्या जहाजांना हे खडक धोक्याचे. रात्री किंवा धुक्यात ते दिसत नाहीत. म्हणून इंग्रजांच्या काळापासून इथे दिवा आहे. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठरलेली असते आणि ती आजूबाजूच्या दिव्यांपेक्षा वेगळी असते. किती सेकंदांनी दिवा चमकला, हे मोजून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतात. मोबाईलवर जीपीएस आलं तरी यंत्र बंद पडलं की हाच दिवा कामाला येतो. दीपस्तंभ सरकारी जागेत आहे. परवानगीशिवाय आत जायचं नाही.

गुहेतली पाकोळी

या खडकांत समुद्राच्या बाजूला खोल गुहा आहेत. तिथे भारतीय पाकोळीची वसाहत आहे. चिमणीएवढा, काळपट तपकिरी पक्षी. पाय इतके आखूड की फांदीवर बसता येत नाही, फक्त कातळाला लटकता येतं. गुहेतल्या काळोखात हा पक्षी तोंडाने 'टिक-टिक' आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. १८७५ साली ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे इंग्रज अधिकारी, पक्षी अभ्यासायला या खडकांवर येऊन गेले होते.

पाकोळी घरटं बांधते ते स्वतःच्या लाळेने. लाळ सुकली की घट्ट होते आणि वाटीसारखं घरटं कातळाला चिकटून राहतं. ते पुरं व्हायला कित्येक दिवस लागतात. त्यात अंडी दोनच.

घात इथेच होतो. या घरट्यांचं सूप चीनसारख्या देशांत महागडं खाणं मानतात. त्यामुळे इथली घरटी चोरून काढली जात होती. घरटं काढलं की पक्षी पुन्हा लाळ गाळून नवीन बांधायला घेतो, थकतो, आणि हंगाम निघून जातो. आत अंडी-पिल्लं असतील तर तीही जातात. वेळासच्या कासवांसाठी काम केलेल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या पाकोळ्यांच्या रक्षणासाठीही इथे काम केलं आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पक्ष्याचं घरटं किंवा अंडी यांना त्रास देणं हेसुद्धा शिकारीतच धरलं आहे. तेव्हा 'आम्ही फक्त फोटो काढायला गेलो होतो' ही सबब चालेलच असं नाही.

जाणार असाल तर

• कुडाळहून परुळे मार्गे निवतीला येता येतं. किल्ल्यावरून खडक फुकटात दिसतात. दुर्बीण असेल तर उत्तम.
• होडी ठरवताना स्थानिक, समुद्राची माहिती असलेला माणूसच घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोरांना आधी.
• सकाळी लवकर निघा. दुपारनंतर वारा वाढतो. पावसाळ्यात तर नावच काढू नका.
• वाटेत डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करा, मागे लागू नका. नशीब असेल तर समुद्री गरुडही दिसतो.
• साधारण फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत पाकोळीचा विणीचा हंगाम. गुहेच्या तोंडाशी होडी नेऊ नका, बॅटरी मारू नका, ड्रोन उडवू नका.

गुहांजवळ बांबू, शिड्या, दोर किंवा रात्रीच्या अनोळखी होड्या दिसल्या तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. मासेमारीला जाणारे रोज याच पाण्यातून ये-जा करतात. चोरावर त्यांच्याइतकी नजर दुसरं कोण ठेवणार?