निळा चौकोन नेमकं काय सांगतो?

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात बिलिंगचा नवा प्रोग्राम टाकायला घेतला की स्क्रीनवर निळा चौकोन येतो: ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’. मालकांना वाटतं, व्हायरस सापडला. प्रोग्राम टाकायला आलेला पोरगा म्हणतो, ‘‘हे सगळ्यांनाच येतंय मालक, दाबा पुढं.’’ समज दोघांचेही चुकीचे, पण दुसरा जास्त महागात पडणारा.

हा चौकोन दाखवतो तो विंडोजमधला स्मार्टस्क्रीन. तो मुख्यतः फाइलची ओळख तपासतो: आधी किती जणांनी ती उतरवून घेतली, तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे. राजारामपुरीतल्या डेव्हलपरनं मोजक्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेला प्रोग्राम कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला ही ओळख नसते. काल रात्री तयार झालेल्या व्हायरसलाही नसते. या दोघांतला फरक संगणकाला सांगता येत नाही, म्हणून तो तुम्हाला विचारतो. ‘मोअर इन्फो’ दाबा. फाइलचं नाव आणि पब्लिशर दिसेल. ‘अननोन पब्लिशर’ असेल तर डेव्हलपरला त्याच्या बिलावरच्या नंबरवर फोन लावून विचारा, याच नावाची फाइल तुम्हीच पाठवली का? त्यानं हो म्हटल्यावरच ‘रन एनीवे’.

अँटिव्हायरसचा इशारा याहून वेगळा. तो ठरावीक व्हायरसचं नाव घेत असेल तर प्रकरण गंभीर समजावं. नावात ‘जेनेरिक’ किंवा ‘ह्युरिस्टिक’ असेल तर बऱ्याचदा तो लक्षणांवरून बांधलेला अंदाज असतो, आणि अंदाज चुकू शकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले. म्हणून ‘डिलीट’पेक्षा ‘क्वारंटाइन’ बरं. फाइल कोंडून राहते आणि चूक निघाली तर परत आणता येते.

‘‘अँटिव्हायरस उगाच ओरडतो, इन्स्टॉल होईपर्यंत बंद ठेवा,’’ हा सल्ला मात्र मला सर्वांत घातक वाटतो. डीटीपीच्या दुकानांत फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फिरतं, त्याच्यासोबतच्या सूचनेत बहुधा हेच पहिलं वाक्य असतं. क्रॅक सॉफ्टवेअरच्या कामात ढवळाढवळ करतो, त्यामुळे इशारा येणारच असं लोक धरून चालतात, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम नेमके त्याच आडून आत शिरतात. खात्रीच्या फाइलला अडथळा येत असेल तर तेवढ्या एका फाइलला सवलत देता येते. त्यासाठी सगळं संरक्षण बंद करायची गरज नसते.

इशारा आलाच नाही, म्हणजे सुरक्षित? तसंही नाही. २०१७मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत, सही असलेल्या आवृत्तीतच घातक कोड घुसवलेला होता आणि ती लाखो लोकांनी निर्धास्तपणे उतरवून घेतली.

ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ म्हणणारी खिडकी तर इशाराच नसते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद करा. होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून करा.

आता हाच खेळ मोबाइलवर आलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल येते, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. उघडताना अँड्रॉइड अडवतो आणि अनोळखी अ‍ॅपसाठी परवानगी मागतो. तिथंच मागं फिरा. पत्रिका बघायला अ‍ॅप लागत नाही आणि चलन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. परवानगी देऊन बसला असाल तर त्या फोनचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.