खंबीर हाताची ओढ

डिचोली तालुक्यातील आमच्या मुळगावात देवळाच्या मंडपात किंवा दुकानापुढील बाकावर चार माणसे बसली आणि गोष्ट रस्त्यांची, चोऱ्यांची वा पंचायतीतील भांडणांची निघाली, की एक उद्गार हटकून ऐकू येतो : "पाखल्यांच्या वेळी असे नव्हते. एकाचा हुकूम चाले, आणि माणूस दाराला कडी न लावता निजे." असे बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांचा जन्म १९६१ नंतरचा आहे, आमचाही तसाच. तरीही न पाहिलेल्या राजवटीविषयीची ही हळहळ खरी असते, म्हणून ती हसून सोडून देण्याजोगी नाही. मताचा अधिकार हाती असलेल्या माणसाला डोक्यावर कोणाचा तरी खंबीर हात का हवासा वाटतो, याचा थोडा उलगडा येथे करावयाचा आहे. ज्या एकाच्या हुकुमाची आठवण बाकावर निघते, त्याचेच चरित्र त्यासाठी पुरेसे बोधप्रद आहे.

सालाझार हा कोणी तलवारबहाद्दर नव्हता. तो कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. पोर्तुगालात १९१० मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्याने गोव्यातील हिंदूंना समान नागरिकत्व दिले आणि आमच्या मराठी शाळांना, वाचनालयांना व नियतकालिकांना त्यानंतर बहर आला. परंतु खुद्द लिस्बनमध्ये १६ वर्षांत ४० हून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. १९२६ मध्ये सैन्याने सत्ता घेतली, तेव्हा प्रजासत्ताकासाठी अश्रू ढाळणारे थोडेच उरले होते. १९२८ मध्ये अर्थमंत्री झालेल्या सालाझारने लवकरच जमाखर्चाची तोंडमिळवणी करून दाखविली आणि थकलेल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ च्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले, त्यात मत न देणाऱ्यांचीही गणना अनुकूल म्हणूनच झाली. अशी सत्ता नेहमीच बाहेरून कोसळते असे नाही. पुष्कळदा ती लोकांच्या थकव्यातून उगवते, आणि मग मौनालाच संमती समजण्यात येते.

या शांततेची किंमत गोमंतकाने पुरेपूर मोजली. १९३० च्या वसाहत कायद्याने प्रजासत्ताकाने दिलेले पुष्कळसे हिरावून घेतले. छापावयाचा मजकूर, लग्नपत्रिकासुद्धा, आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जाई. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील किल्ल्यात धाडले. १९५४ मध्ये एका मेजवानीत गोवा हा पोर्तुगालच होय असे कोणी म्हणताच डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी "मी निषेध करतो" एवढेच उद्गार काढले. तेवढ्यासाठी त्यांना अटक होऊन हद्दपारी भोगावी लागली. चोऱ्या नव्हत्या असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की जेथे बातमीच परवानगीने छापावयाची, तेथे बातमी नसणे म्हणजे गुन्हा नसणे नव्हे.

आणि तरीही हळहळ उरतेच, तीही केवळ आमच्या बाकावर नव्हे. १९७० च्या सुमारास पोर्तुगालातील चौथा हिस्सा लोक निरक्षर होते. १९७४ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा लिस्बनचे रस्ते आनंदाने फुलले. पण २००७ मध्ये तेथील दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज कोण, असा कौल मागितला असता सालाझारला सर्वाधिक, ४१ टक्के, मते पडली. दूरध्वनीवरून दिलेली ती मते सर्व देशाची नव्हेत हे खरे. परंतु दुरून डोंगर साजरे दिसतात, हे खरे ठरण्यास तेहतीस वर्षे पुरली.

भारतही याला अपवाद नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते, की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. १९७५ च्या आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून समाधान मानणारे सुशिक्षित कमी नव्हते. १९७७ मध्ये मतदारांनी त्याचे उत्तर दिले. पण २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक भारतीयांनी संसद व न्यायालये यांच्या अटकावाविना चालणाऱ्या खंबीर नेत्याचा कारभार चांगला मानला. न्यायासाठी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्याला असे वाटले, तर दोष केवळ त्याचा नव्हे. लोकशाहीच्या दिरंगाईवर हुकूमशहा पोसला जातो.

मग नेता समर्थ असू नये काय? अवश्य असावा. येथे आमच्याच इतिहासातील एक दाखला मोलाचा आहे. भाऊसाहेब बांदोडकर हे गोव्याचे पहिले व अत्यंत लोकप्रिय मुख्यमंत्री. विलीनीकरण हा त्यांच्या पक्षाचा प्राण. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात जनतेने त्यांचा हा आग्रह नाकारला, आणि मार्चच्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. उत्तरेकडील आमच्या तालुक्यांत विलीनीकरणाचा पक्ष प्रबळ होता. तो कौल अनेक मराठीप्रेमींना झोंबला. त्या कौलाच्या गुणदोषांचा वाद येथे नको. परंतु नेत्यावर प्रेम करावे आणि त्याला नाहीही म्हणावे, ही रीत त्या वर्षी गोमंतकाने दाखविली. खंबीर नेता आणि हुकूमशहा यांतील भेद एवढाच, की पहिल्याला नाही म्हणता येते.

हा धडा पुस्तकातून पुरता शिकविता येत नाही. दर जूनमध्ये वर्गप्रमुखाच्या निवडीची वेळ आली, की मुले आम्हांस म्हणतात, "सर, तुम्हीच नेमा ना, भांडणे नकोत." नेमणे सोपे असते, आणि पुष्कळ वर्षे आम्ही नेमीतही असू, वर्ग शांत राही आणि आम्हांस ते आपल्या शिस्तीचे यश वाटे. हल्ली आम्ही मतदान घेतो. एक तास गोंगाटात जातो, कधी अयोग्य मुलगाही निवडून येतो, आणि पुढच्या वर्षी तीच मुले त्याला बदलतात. बाकावरील त्या उद्गाराला आमच्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.